पाला वाटण्याआधी: खाज-पुरळावरच्या घरगुती उपायांची पहिली ओळख

जून-जुलैत सांगली-मिरजेकडच्या कुठल्याही घरात डोकावलात, तर कुणीतरी खाजवत बसलेलं दिसेल. सतत ओल्या पायांना चिखल्या, उसाच्या पानांनी ओरबाडलेले हात, कमरेला नायटा, पोरांनी शाळेतून आणलेली खरूज. या सगळ्यांवर घरातलं कुणीतरी ठामपणे एकच उत्तर देतं: "कडुलिंबाचा पाला लाव."

मी वाळवा तालुक्यात वाढले, आता सांगलीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. आज्जीच्या पाल्यावर माझा जीव आहे आणि पुराव्यावरही. नव्याने संसार मांडलेल्या, हाताशी आज्जी नसलेल्या तरुण आईबापांसाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. झाडपाला खाज शमवतो, आग थांबवतो, कोरड्या कातडीला सावरतो. बुरशी, जंतू किंवा किडा मुळातून घालवायला मात्र तो बहुतेक वेळा पुरा पडत नाही. म्हणून आधी पुरळ कशाचं आहे ते ओळखायचं, मग परसात जायचं.

पहिली पायरी: उजेडात बसून नीट बघा

खिडकीपाशी बसा आणि मोबाईलवर फोटो काढा. चार दिवसांनी पुन्हा काढला की वाढतंय की उतरतंय ते कळतं; आठवणीवर विसंबलात तर हमखास चुकता. मग स्वतःला विचारा: कधी उठलं? अंगावर नेमकं कुठे? घरात आणखी कुणाला खाज आहे का? गेल्या पंधरा दिवसांत नवं काय झालं? नवा साबण, केसांचा रंग, नवी चप्पल, फवारणी, एखादी नवी गोळी, काहीही असू शकतं.

अंगावर पित्त उठलंय, म्हणजे गांधी आल्यात, असं वाटलं तर एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा. चोवीस तासांत ती गांधी तिथून गेली आणि दुसरीकडे उठली, तर ते पित्तच. तिथेच ठाण मांडून बसली असेल, तर दुसरं काहीतरी आहे. ही साधी खूण फार उपयोगी पडते.

नायटा किंवा गजकर्ण गोल असतं, कडेला लालसर आणि किंचित उठलेलं, मध्ये निवळत जाणारं. जांघ, कंबर, काख ही त्याची आवडती ठिकाणं. खरजेची खाज रात्री अंथरुणात वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या दिसतात आणि घरात दोघा-तिघांना एकदमच सुरू होतं. इसब कोरडं, खरबरीत, पुन्हापुन्हा त्याच जागी येणारं. मुलांच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत हमखास. घामोळं तर सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन गोष्टींत लोक फार फसतात. पहिली नागीण. आधी एकाच बाजूला आग आणि ठणका, मग दोन-तीन दिवसांनी तिथेच पाण्याच्या फोडांचा पट्टा. दुसरी म्हणजे फिकट किंवा तांबूस चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही आणि त्यावर कापसाचा बोळा फिरवला तरी कळत नाही. असा बधिर चट्टा दिसला, तर काहीही लावत बसू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तो कुष्ठरोग असू शकतो, त्याची औषधं सरकारकडून फुकट मिळतात आणि वेळेत घेतली तर तो पूर्ण बरा होतो.

दुसरी पायरी: कुठलाही लेप आधी हातावर लावून बघा

"झाडाचं आहे, त्याने काय होणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! अहो, बिब्बाही झाडाचाच. त्याच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी फुलते. धोबी याच तेलाने कपड्यांवर खुणा करत, त्या धुवून जात नसत. कुणाच्या कामात मोडता घातला की "बिब्बा घातला" म्हणतो ते उगीच नाही. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलातलं तेल याच कुळातलं. चीक उतून तोंडाभोवती फोड आलेली मुलं दर मे महिन्यात दिसतात.

तर कुठलाही पाला, तेल, लेप आधी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, रुपयाएवढ्या जागेवर लावा. सलग दोन-तीन दिवस. ॲलर्जी लगेच उठत नाही, बऱ्याचदा ४८ ते ७२ तासांनी उठते. पहिल्या तासात काही झालं नाही म्हणून तोंडभर लेप थापू नका. हळदीचीही ॲलर्जी होते, कडुलिंबाचीही.

हळदीबद्दल जरा सविस्तर

सांगलीत राहून हळदीवर दोन ओळींत कसं भागेल? हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची रीत होती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे हळद अंगाला लावल्याशिवाय लग्न लागत नाही. त्यामुळे हळदीवर शंका घेतली की लोकांना ती घरच्या माणसावर घेतल्यासारखी वाटते.

हळदीच्या पेटंटची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने त्याला आव्हान दिलं, जुने संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. मला त्याचा अभिमान आहे. पण त्या लढ्यात सिद्ध काय झालं ते नीट समजून घ्या. हळदीचा हा वापर नवा नाही, आपल्याकडे आधीपासून आहे, हे सिद्ध झालं. हळदीने अमुक पुरळ अमुक दिवसांत बरं होतं, याचा निवाडा पेटंट कार्यालय करत नसतं. जुनं असणं आणि गुणकारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ घरगुती सल्ले तिथेच घसरतात.

मग विज्ञान काय म्हणतं? हळदीत साधारण २ ते ५ टक्के कुरक्युमिन असतं. प्रयोगशाळेतल्या बशीत ते दाह कमी करतं, काही जंतूंची वाढही रोखतं. अडचण अशी, की ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, उजेडात टिकत नाही आणि अंगात फारसं शोषलं जात नाही. बशीत जमलेलं माणसाच्या कातडीवर तसंच जमेल याची खात्री म्हणून देता येत नाही. खरचटल्यावर, किडा चावल्यावर, उसाच्या पानाने ओरबाडल्यावर आधी साबण-पाण्याने स्वच्छ धुऊन हळदीचा पातळ लेप लावला तर हरकत नाही. खोल जखमेत, पू झालेल्या जागी, नायट्यावर मात्र हळद भरू नका. डॉक्टरांना खालचं काही दिसतही नाही.

लावायचीच तर अख्खं हळकुंड किंवा आंबेहळद सहाणेवर उगाळून लावा. सुट्या, भडक पिवळ्या पुडीत रंगाची भेसळ असते, कधी शिशाचीही, आणि ती पुडी ओरबाडलेल्या कातडीवर नको.

तिसरी पायरी: पुरळानुसार उपाय

*इसब आणि कोरडी खाज.* इथे घरगुती उपायाची बाजू सगळ्यात भक्कम आहे, आणि तो उपाय म्हणजे साधं खोबरेल. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. निम्म्या मुलांना शुद्ध, न तापवता काढलेलं खोबरेल आणि निम्म्यांना खनिज तेल लावलं. खोबरेलवाल्या मुलांची त्वचा स्पष्टपणे जास्त सुधारली. पण लावायची रीत महत्त्वाची. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरका, पंचाने टिपून घ्या, घासू नका. अंग किंचित ओलं असतानाच, दोन-तीन मिनिटांत, तेल चोळा. ओल आत कोंडली जाते, कामाची तीच. पार कोरड्या अंगावर तासाभराने लावलेल्या तेलाचा निम्मा फायदा वाया जातो. घाण्यावरचं, सुगंध न घातलेलं तेल घ्या. बाळाच्या मालिशीला हल्ली ऑलिव्हचं तेल आणतात. ते महाग असतं म्हणून चांगलं असेल असं समजू नका, त्वचेचं बाहेरचं आवरण त्याने कमकुवत झाल्याचं दिसलं आहे. इसब चिघळलं, पाणी सुटलं, तर तेल थांबवा आणि दाखवा.

*घामोळं.* घामाच्या नळ्या तुंबल्या की घामोळं उठतं. त्यावर तेल, तूप, जाड लेप म्हणजे तुंबलेल्या गटारावर फरशी. दिवसातून दोनदा गार पाण्याने आंघोळ, सैल सुती कपडे आणि पंखा हे खरं औषध. चंदन उगाळून पातळ लावलं तर गारवा वाटतो. वाळलं की धुऊन टाका.

*अंगावर पित्त.* आमसूल पाण्यात कोळून ते पाणी अंगाला लावायचं, थोडं प्यायचं, ही आपली रीत. आमसुलात गार्सिनॉल नावाचं द्रव्य असतं, प्रयोगशाळेत ते दाह कमी करताना दिसतं. मला वाटतं, लावल्यावर लगेच जे बरं वाटतं त्यात गार पाण्याचा वाटा मोठा आहे, कारण गारव्याने खाज नेणाऱ्या नसा शांत होतात. म्हणून आमसूल नसेल तर ओला रुमाल ठेवा, तेवढाच आराम पडेल. काही घरांत पित्त उठल्यावर घोंगडी पांघरायला देतात. धनगरी घोंगडी मला फार आवडते, पण लोकर टोचते, अंग तापतं आणि गांधी वाढतात. पुन्हापुन्हा पित्त उठत असेल तर सेटिरिझिनसारखी साधी गोळी डॉक्टर देतात. ती घेण्यात कमीपणा नाही.

*चिखल्या.* २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत किती जणांच्या पायांची चाळण झाली, ते आठवलं तरी पाय खाजतात. मेंदीचा ताजा पाला वाटून बोटांच्या बेचक्यांत भरायचा, हा जुना उपाय. मेंदीतलं लॉसोन बुरशीची वाढ रोखतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, शिवाय मेंदीने जागा कोरडी पडते. कोरडं राहणं हाच चिखल्यांवरचा अर्धा इलाज. पाय धुऊन बोटांमधली प्रत्येक बेचकी सुती कापडाने टिपा, मग मेंदी, मग पुन्हा कोरडं. चार-पाच दिवसांत फरक नसेल तर बुरशीवरचं क्लोट्रिमाझोलचं मलम. मेंदी पाल्याचीच हवी. बाजारातल्या "काळ्या मेंदी"त केसांच्या रंगातलं रसायन घालतात, त्याने आयुष्यभराची ॲलर्जी जडू शकते. लहान बाळाला मेंदी लावायची तर आधी डॉक्टरांना विचारा. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक विकर (एन्झाइम) कमी असतं आणि मेंदीने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.

*खरूज.* कडुलिंबाच्या बाजूने एक लक्षात ठेवावी अशी नोंद आहे. तमिळनाडूतल्या ८१४ जणांना लिंबाचा पाला आणि हळद यांचा लेप लावला, तीन ते पंधरा दिवसांत ९७ टक्के बरे झाले, असं १९९२ मध्ये छापून आलं. आकडा ऐकून हरखायला होतं. पण त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं लेपाला किती आणि रोजच्या धुण्या-पुसण्याला किती, ते सांगता येत नाही. म्हणून मी म्हणेन, पाल्याच्या पाण्याने आंघोळ खुशाल करा: मूठभर पाला, लिटरभर पाणी, दहा मिनिटं उकळा, गाळा, कोमट झालं की वापरा, उरलेलं उद्याला ठेवू नका. पण खरजेचा किडा मारायला ५ टक्के परमेथ्रिनचं मलमच आणा. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्री लावून सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री! खाज नसलेल्यांनीही, कारण पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या शाळेत एकाच पोराला चार वेळा खरूज झाली, कारण घरात मलम फक्त त्यालाच लावत होते. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही ते तीन-चार दिवस पिशवीत घट्ट बांधून ठेवा, माणसाच्या अंगाबाहेर किडा तेवढा जगत नाही. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारूनच.

*नायटा.* इथे पाला सोडा. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द नाव मिळालं ते नायट्यावरूनच, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी मीही आवडीने करते. पण आताचा नायटा चिवट झाला आहे, नेहमीच्या औषधांनाही लवकर दाद देत नाही. डॉक्टर सांगतील ते मलम चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर लावा आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करा. औषध दुकानातून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून स्टिरॉइड मिसळलेलं मलम मात्र आणू नका. दोन दिवसांत खाज थांबते, लालसरपणा जातो आणि आत बुरशी निवांत पसरते. कडा पुसट होतात, मग डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. "आयुर्वेदिक" लिहिलेलं बिननावाचं, बिनपरवान्याचं डबीतलं मलम दोन दिवसांत जादू करत असेल, तर तिथेही हाच संशय घ्या.

*गाजर गवत.* बांधावर, कालव्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर हे उभं असतं. त्यातलं पार्थेनिन हवेतून, धुळीतून अंगावर येतं. पापण्या, मान, हात अशा उघड्या जागी काळपट, जाड, खाजरं पुरळ येतं आणि गवत फुलायच्या दिवसांत वाढतं. इथे एक गोम आहे, जी फार कमी जणांना माहीत असते. जखमेवर आपण चोळतो तो दगडीपाला म्हणजे एकदांडी, शिवाय माका, झेंडू, शेवंती, सूर्यफूल ही सगळी गाजर गवताच्याच कुळातली. ज्याला गाजर गवत सोसत नाही त्याला हीही भोवू शकतात. अशा माणसाने पुरळावर झेंडूचा रस किंवा दगडीपाला लावला तर आगीत तेल. शेतातून आलं की आंघोळ, कपडे वेगळे, आणि गवत उपटायचं ते हातमोजे घालून, फुलावर येण्याआधी.

कोरफडीचं थोडक्यात. पान तोडून दहा-पंधरा मिनिटं उभं धरा, पिवळा चीक गळून जाऊ द्या. खाज त्या चिकाने सुटते. आतला पारदर्शक गर उन्हाने भाजलेल्या कातडीला गार वाटतो. सोरायसिसवर १९९६ च्या एका चाचणीत कोरफडीचं मलम चांगलं ठरलं, २००५ मध्ये डेन्मार्कमधल्या चाचणीत ते साध्या मलमापुढे टिकलं नाही. एवढ्यावर कुणी बरं करण्याचं वचन देत असेल तर पैसे देऊ नका.

यांच्या वाटेला जाऊ नका

सातवीत असताना माझ्या पोटरीवर गजकर्ण उठलं होतं. घरातल्यांनी मायेनेच लसूण ठेचून फडक्यात बांधला, रात्रभर. सकाळी फडकं सोडलं तर खाली बोराएवढे फोड. गजकर्ण नंतर मलमाने गेलं, लसणाचा डाग अजून आहे. लसणातलं अजोईन हे द्रव्य वेगळं काढून मलमात घातलं की बुरशीवर काम करतं, अशा चाचण्या झाल्या आहेत. पण कच्चा लसूण बांधणं म्हणजे कातडी भाजणं.

लिंबाचा म्हणजे आपल्या खायच्या लिंबूचा रस लावून उन्हात जाऊ नका, काळे डाग आणि फोड येतात. कोडावर बावचीचं तेल स्वतःच्या मनाने लावू नका; त्यातलं सोरालेन उन्हात कातडी जाळतं, डॉक्टर ते मोजून-मापून वापरतात. कडुलिंबाचं तेल बाळाच्या पोटात चुकूनही जाऊ देऊ नका, विषबाधा होते.

तासगावकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. छाटणीनंतर काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ती हाताला लागून आग झाली तर हळद-तेल काही नको, पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरा, कपडे बदला. हातमोजे नसतील तर मालकाकडे मागा. आणि त्यानंतर काही दिवस दारूला शिवू नका. या रसायनावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, दम लागतो.

डॉक्टरांकडे कधी

ओठ-पापण्या सुजल्या, आवाज बसला, दम लागला, तर घरात एक क्षणही न थांबता १०८ ला फोन. नवीन गोळी सुरू केल्यावर पुरळ उठून तोंड आलं, डोळे लाल झाले, कातडी सोलू लागली, तरीही तसंच. तापासोबत जांभळे ठिपके असतील तर त्यावर काचेचा पेला दाबून बघा; दाबूनही फिके झाले नाहीत तर लगेच दवाखाना.

नागिणीला ७२ तासांची घाई असते. फोड उठल्यापासून तेवढ्यात विषाणूवरची गोळी सुरू झाली तर आजार लवकर आवरतो. गेरू लावून, कुणाकडून उतरवून घेण्यात तेच तीन दिवस जातात. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो, हे खरं नाही. पट्टा एका नसेच्या वाटेने जातो, म्हणून बहुधा एकाच बाजूला राहतो. गेरू लावायचाच असेल तर गोळी घेतल्यावर, अखंड कातडीवर लावा, फुटलेल्या फोडांवर नको. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

मधुमेही माणसाच्या पायाला काहीही झालं, तान्ह्या बाळाला तापासोबत पुरळ आलं, पू झाला, लाली तासातासाला पसरू लागली, तरी वाट बघू नका. बाकी साध्या पुरळाला घरच्या उपायावर आठवडाभर द्या, त्याहून जास्त नाही.

जाताना आतापर्यंत जे जे लावलं ते सगळं पिशवीत घालून न्या: ट्यूब, डबी, पाल्याची डहाळीसुद्धा. "काही नाही लावलं" असं लाजून सांगू नका. लावायच्या आधीचा फोटो मोबाईलमध्ये आहेच, तो आधी दाखवा.